जळगावात घर घेताय? दिवसभर घरात कोण राहणार, त्याच्या डोळ्यांनी वस्ती बघा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: मिस्टरांना जळगाव एमआयडीसीतल्या पाइप कारखान्यात नोकरी लागली आहे आणि शाळा सुरू व्हायच्या आत तुम्ही चिंचवडहून इकडे येणार. मुलगी पाचवीत जाईल, मुलगा पहिलीत. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. हाताशी ५५ लाख. एजंटने दोन जागा दाखवल्या आहेत. एक सावखेडा शिवारातलं ५२ लाखांचं, अजून काम चालू असलेलं रो-हाऊस. दुसरा रिंग रोडजवळ १४ वर्षं जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही. दीर धुळ्याला देवपुरात असतात, म्हणून तिथे घर घेऊन मिस्टरांनी अप-डाऊन करावं असंही घरात कुणीतरी सुचवलंय. यात मुलाबाळांच्या घराला काय मानवेल, असं तुम्ही विचारलंय.

मी सिव्हिल इंजिनियर आहे. गेली २४ वर्षं बँकांच्या गृहकर्जासाठी जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या घरांचं मूल्यांकन करते. या कामात एक गोष्ट आपोआप कळत जाते, ती म्हणजे लोक घर का विकतात. जुन्या घराची मोजमापं घेताना घरातली बाई चहा टाकते आणि मी सहज विचारते, "का हो, विकताय का?" घर लहान पडलं म्हणणारे थोडे. बाकीची उत्तरं अशी येतात: पाण्याला कंटाळलो, पावसाळ्यात रिक्षा आत येत नाही, आई दिवसभर एकटी पडते, मुलांना हायवे ओलांडावा लागतो. घर निवडलेलं असतं कामावर जाणाऱ्या माणसाने, रविवारी सकाळी, गाडीत बसून. राहायचं असतं ते आईला आणि मुलांना, सोमवारी दुपारी, पायी. म्हणून माझं सगळं उत्तर एकाच प्रश्नाभोवती फिरेल: सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तुमच्या घरात कोण असणार आहे?

धुळ्याचं आधी निकाली काढू. धुळे-जळगाव रस्त्याने ९० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि धुळ्याहून रेल्वेने यायचं तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते. शिफ्टच्या नोकरीला हे झेपणारं नाही, मुलांना बाप फक्त झोपलेला दिसेल. देवपूर वस्ती म्हणून चांगली आहे. पांझरेच्या पलीकडे, शाळा-कॉलेजं जवळ, वाडीभोकर रोडला सगळं मिळतं. पण धुळ्यात पाणी वर्षानुवर्षं कित्येक दिवसांआड येत आलंय, त्यामुळे तिथे घर बघताना आधी जमिनीखालची टाकी बघतात, मग हॉल. आणखी एक सावधगिरी. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, तेव्हापासून धुळ्याच्या बाजूचे प्लॉट 'रेल्वे येतेय' म्हणून विकले जातात. रेल्वे येईल तेव्हा येईल, मुलगी पाचवीत यंदा जाणार आहे. भुसावळ मात्र जळगावला लागून, रेल्वेने अर्ध्या तासाचं. रेल्वेवाल्यांचं गाव, सगळ्या भारतातून आलेली माणसं, बाहेरून येणाऱ्याला सामावून घेणारं. तरी एमआयडीसीत शिफ्ट असताना जळगाव सोडून तिथे राहायचं कारण मला दिसत नाही.

आता जळगाव. शहराची घडण समजून घेतली की अर्धं काम होतं. एक रेल्वेची पट्टी आणि एक राष्ट्रीय महामार्गाची, दोन्ही शहराला पूर्व-पश्चिम कापत जातात. महामार्ग म्हणजे सुरत-धुळे-नागपूर, जुना सहा नंबर, आता ५३. रेल्वेच्या उत्तरेला शिवाजीनगर, कांचननगर. रेल्वे आणि हायवेच्या मध्ये जिल्हापेठ, गणेश कॉलनी, रिंग रोड. हायवेच्या दक्षिणेला महाबळ, रामानंदनगर, मेहरूण. पश्चिमेला पिंप्राळा, खोटेनगर आणि पुढे गिरणेकडे वाढत चाललेली नवी वस्ती. एमआयडीसी पूर्वेला. घर, शाळा आणि दवाखाना या तिन्ही गोष्टी शक्यतो एकाच कप्प्यात असाव्यात, हा माझा पहिला नियम. हायवेवरच्या आकाशवाणी चौकात किंवा इच्छादेवी चौकात शाळेच्या वेळेला जाऊन पाच मिनिटं उभ्या राहा. ट्रकच्या मधून सायकल काढणारी दहा वर्षांची पोरं बघितली की मी हे का म्हणते ते कळेल. शिवाजीनगरचा जुना रेल्वेपूल पाडून नवा बांधायचं काम चाललं, तेव्हा पलीकडच्या लोकांना दवाखान्यात यायलासुद्धा वळसा घ्यावा लागे. आपल्या रोजच्या वाटेवर असा एकच पूल किंवा एकच चौक असेल, तर तो बंद पडेल तेव्हा काय करणार याचा विचार घेतानाच करायचा.

मिस्टरांचा विचार केला तर पूर्वेकडची वस्ती सोयीची वाटेल, अयोध्यानगर, कुसुंब्याकडची बाजू. कामाला दहा मिनिटं. पण कारखान्यांना लागून असलेल्या भागात दिवसा जड वाहनं फार, रात्री आवाज. मिस्टरांनी वीस मिनिटं जास्त गाडी चालवावी आणि मुलांनी शाळेत चालत जावं, हा सौदा मला नेहमी फायद्याचा वाटत आलाय. आपल्याकडे उन्हाळा लागला की शाळा सकाळच्या होतात. म्हणजे पोरं घरी निघतात तेव्हा ऊन डोक्यावर, आणि आपलं ऊन म्हणजे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर. रिक्षात कोंबून अर्धा तास आणि चालत सात मिनिटं, या दोन्हींत मुलाच्या अंगावर केवढा फरक पडतो ते आईलाच दिसतं.

उन्हाचं तुम्हा पुण्याकडच्या लोकांना सांगूनही खरं वाटत नाही, म्हणून जरा खोलात सांगते. जुनी खान्देशी घरं धाब्याची होती. जाड मातीच्या भिंती, लाकडी कड्यांवर मातीचं छत. दुपारी आत शिरलं की थंड वाटायचं. आता सिमेंटचा स्लॅब आहे. तो दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. म्हणून वरच्या मजल्याचा फ्लॅट स्वस्त मिळतो. तुमचा दुसरा मजला हाच शेवटचा आहे का, ते एजंटला विचारा. पश्चिमेच्या भिंतीला बेडरूम असेल तर सासूबाईंना दुपारी तिथे पडता येणार नाही. कूलर कुठल्या खिडकीत बसेल ते बघा. इथे कूलर ही चैन नाही, आणि त्याला बाहेरची हवा खेचायला मोकळी खिडकी लागते, डक्टमध्ये उघडणारी चालत नाही. गच्ची कुणाची, हेही आत्ताच विचारून ठेवा. कुरडया, पापड, बिबड्या वाळवायला गच्ची सगळ्यांना खुली असेल, तर उन्हाळ्याच्या सकाळी इमारतीतल्या बायका तिथेच एकमेकींना भेटतात. नव्या माणसाची निम्मी ओळख वाळवणाच्या खाटेपाशी होते.

पाण्याचं थोडं वेगळं गणित आहे. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं. धरणात पाणी असलं तरी नळाला रोज येत नाही, एक-दोन दिवसाआड येतं. तेव्हा विचारायचा प्रश्न "पाणी आहे का?" असा नको, त्याला सगळे 'आहे' म्हणतात. "पाण्याचा वार कुठला, किती वाजता येतं, किती वेळ टिकतं आणि मोटर न लावता टाकीत चढतं का?" असं विचारा. रात्री अडीचला पाणी येणारी गल्ली मला माहीत आहे. तिथे घरातली बाई आठवड्यातून तीन रात्री जागते. नव्या भागात बऱ्याचदा सगळी भिस्त बोअरवर असते. बोअरचं पाणी जड असतं, मार्चनंतर त्याची धार बारीक होते, आणि कुकरमध्ये, गीझरमध्ये पांढरा थर बसलेला दिसला की समजायचं. घर बघायला जाल तेव्हा शेजारच्या घरातली बादली बघा. कडेला पांढरी रेघ असेल तर एजंटने काहीही सांगो.

सावखेडा शिवारातल्या रो-हाऊसबद्दल तुम्ही सर्वात उत्साहाने लिहिलंय. अंगण, वर-खाली दोन खोल्या, स्वतःचं गेट. मला कळतं. फ्लॅटमध्ये दहा वर्षं काढलेल्या माणसाला अंगणाची ओढ लागतेच. पण तिथे मला तीन शंका आहेत.

पहिली, जमीन. तापीच्या खोऱ्यातली ही काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा तुम्ही पाहाल. अशा जमिनीवर पाया मुरमापर्यंत नेला नाही, भोवती मुरूम भरून दाबला नाही, प्लिंथला (जोत्याला) नीट बीम दिला नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. मी मूल्यांकनाला गेले की आधी कंपाउंडची भिंत बघते. घराला रंग देतात, कंपाउंडला कुणी देत नाही. ती वाकलेली असेल, ओटा घरापासून सुटलेला असेल, फरशी मधे फुगलेली असेल, तर पाया बोलतोय. तुमचं रो-हाऊस नवं आहे, म्हणून त्याच बिल्डरने तीन-चार वर्षांपूर्वी त्याच शिवारात बांधलेलं घर शोधा आणि तिथल्या माणसांना भेटा. पायाचा खड्डा खणतानाचे फोटो मागा. चांगला बिल्डर ते हौसेने दाखवतो.

दुसरी शंका हद्दीची. शहराला चिकटून असलेल्या सावखेडा, मोहाडी, कुसुंबा अशा गावांच्या शिवारात कॉलनी दिसते शहराची, पण रस्ता, गटार, घंटागाडी, दिवे हे सगळं ग्रामपंचायतीच्या बळावर चालतं. काही कॉलन्या छान चालतात, काहींत बिल्डर निघून गेला की दिवासुद्धा लागत नाही. तुमचा गट नंबर नेमका कुणाच्या हद्दीत येतो ते कागदावर बघा. रेखांकन (प्लॉट पाडल्याचा नकाशा) अंतिम मंजूर आहे की तात्पुरतं, अकृषक आदेश (शेतजमिनीवर घर बांधायची परवानगी) आहे का, सातबारावर नाव कुणाचं आहे, ही कागदं बिल्डरच्या कार्यालयात बसून वाचायची नाहीत. प्रती घेऊन स्वतःच्या वकिलाकडे जायचं आणि जमिनीच्या मालकीचा ३० वर्षांचा शोध घ्यायला सांगायचा. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढायला फार खर्च येत नाही, शेजारच्या मोकळ्या जागेवर उद्या काय येणार ते त्यात कळतं. एजंट त्याच भागात शेतातले गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉटही दाखवेल, 'नंतर नियमित होतात' म्हणेल. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यावर बंधन घालणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, गुंठेवारी (असे गुंठ्याने पाडलेले प्लॉट) नियमित करायचा २००१ पासून, आणि या दोन्हींच्या मधे अडकलेली कुटुंबं मी बँकेच्या दारातून परत जाताना पाहिली आहेत. त्या वाटेला जाऊ नका.

यात एक बारीक गोष्ट आहे. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा, त्यात ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठपर्यंत घरांना नोंदणी सक्तीची नाही. आपल्याकडे पाच-सहा रो-हाऊसचे छोटे प्रकल्प भरपूर, ते या सवलतीत बसतात. त्यात गैर काही नाही. मात्र महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर जे बसल्या जागी दिसलं असतं, ते सगळं तुम्हाला स्वतः तपासावं लागतं. मंजूर नकाशा घेऊन टेपने खोल्या मोजा. लाज वाटू देऊ नका, पैसे तुमचे आहेत.

तिसरी शंका सासूबाईंची आहे, आणि माझ्या लेखी तीच सर्वात मोठी. काही वर्षांपूर्वी नाशिकहून आलेल्या एका कुटुंबाने माझ्यासमोर गावाबाहेरचं सुंदर रो-हाऊस घेतलं. मूल्यांकन मीच केलं, कागद चोख होते, बांधकाम चांगलं होतं. आजी साठीच्या, बोलक्या. घरापासून देऊळ दोन किलोमीटर, किराणा दीड, शेजारची चार घरं बंद, कारण गुंतवणुकीसाठी घेतलेली. तीन वर्षांनी तेच घर विकायला निघालं आणि मी पुन्हा गेले, तर आजी मला ओळखून हात धरून बसल्या. म्हणाल्या, "माय, दिवसभर भिंतींशी बोलत होते." त्या दिवसापासून मी घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारते की कॉलनीत किती घरांत संध्याकाळी दिवा लागतो. तुम्हीही संध्याकाळी साडेसातला जा आणि मोजा. दोरीवर कपडे, ओट्यावर चपला, दारात तुळस दिसते का बघा. वीस घरांपैकी सहा घरांतच दिवा असेल, तर कॉलनी अजून वसलेली नाही, आणि ती वसेपर्यंत तुमची मुलं मोठी झालेली असतील.

मग रिंग रोडचा फ्लॅट? वस्ती म्हणून उत्तम. दवाखाने, शाळा, भाजी, देऊळ सगळं चालत. शेजार जुना आणि मुरलेला. पण लिफ्ट नाही आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. दोन मजले चढायचे म्हणजे त्या आठवड्यातून एकदा उतरतील, मग महिन्यातून एकदा. इतकी चांगली वस्ती खाली असून त्यांना खिडकीतूनच बघावी लागेल. त्याच भागात पहिल्या मजल्याचा किंवा लिफ्ट असलेला फ्लॅट शोधा. थोडा लहान मिळाला तरी चालेल.

मला विचाराल तर माझी नजर महाबळ-रामानंदनगरच्या जुन्या कॉलन्यांकडे जाते. १९८०-९० च्या काळातली बैठी घरं आणि जोडबंगले आहेत, मुलं पुण्या-मुंबईला गेली म्हणून आई-वडील विकायला काढतात. तळमजला, पुढे ओटा, मागे चार पावलं अंगण. घर जुनं असेल, वायरिंग आणि पाण्याच्या लाइनी बदलाव्या लागतील, त्यासाठी बजेटातले चार-पाच लाख बाजूला ठेवा. पण झाडं मोठी झालेली असतात, आणि उन्हाळ्यात मोठ्या कडुनिंबाखालची गल्ली आणि नवी उघडी गल्ली यांतला फरक दारातून पाऊल टाकताच जाणवतो. लेआउटमधली मोकळी जागा, आपण 'ओपन स्पेस' म्हणतो ती, जरूर बघा. कुठे मुलं क्रिकेट खेळतात, कुठे तिला कुलूप असतं, कुठे काटेरी बाभळी आणि कचरा. तिची किल्ली कुणाकडे असते एवढं विचारलं तरी कॉलनीचा कारभार कळतो. संध्याकाळी मेहरूण तलावावर फिरायला जाता येतं, सुट्टीच्या दिवशी मुलांना गांधीतीर्थला नेता येतं, हे त्या बाजूचं वरकड सुख.

खरी बातमी कुणाकडून काढायची, तेही सांगते. एजंटकडून नाही आणि शेजाऱ्याकडूनही पूर्ण नाही, कारण त्याला भाव पडायची भीती असते. शाळेच्या रिक्षावाल्याला विचारा की पावसाळ्यात कुठल्या गल्लीत रिक्षा घालत नाही. काळ्या मातीचा चिखल चाकाला कसा धरतो ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. दूधवाल्याला विचारा कुठे कुत्री मागे लागतात. मेडिकलवाल्याला विचारा रात्री दहानंतर दुकान उघडं असतं का. श्रावणात आलात तर कॉलनीत कानबाई, ही आपली खान्देशची देवी, कुणाच्या घरी बसते, तिच्या रोटांच्या प्रसादाला सगळे एकत्र येतात का, ते बघा. जिथे कानबाईला शेजारीपाजारी फुगड्या घालतात, तिथे तुमची मुलगी चार महिन्यांत अहिराणी बोलायला लागेल.

पैशांचं थोडक्यात. रो-हाऊस भोगवटा दाखल्याआधी (घर राहायला तयार असल्याचा सरकारी दाखला मिळण्याआधी) घेतलंत तर ५ टक्के जीएसटी लागेल, म्हणजे ५२ लाखांवर २ लाख ६० हजार. दाखल्यानंतर किंवा जुन्या घराला तो नाही. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के धरा. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर त्यात १ टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त झाली की विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) तुम्ही कापून सरकारकडे भरायचा असतो, लोक हे विसरतात आणि नंतर नोटीस येते. म्हणजे ५५ लाख हाताशी असतील तर घर ४८ च्या आत बघा.

आणि यंदा लगेच घेऊ नका. अकरा महिन्यांचा भाडेकरार करून महाबळकडे किंवा रिंग रोडला तळमजल्यावर राहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढा. एजंट म्हणेल भाव वाढतील. थोडे वाढतीलही. पण चुकीचं घर विकून दुसरं घ्यायचं तर मुद्रांक शुल्क, दलाली आणि दुरुस्ती मिळून जे जातं, ते या वाढीपेक्षा मोठं असतं, आणि मुलांची शाळा पुन्हा बदलते ती वेगळी. रो-हाऊसवाल्याने 'आजच इसार द्या' म्हटलं असेल तर देऊ नका. द्यावाच लागला तर इसार पावतीवर लिहून घ्या की वकिलाच्या शोधात दोष निघाला किंवा बँकेने कर्ज नाकारलं, तर रक्कम पूर्ण परत मिळेल. हे लिहून द्यायला जो कांकूं करतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

पुढच्या फेरीला सासूबाईंना बरोबर आणा. एजंटची गाडी कोपऱ्यावर थांबवा आणि तिथून घरापर्यंत, मग घरापासून जवळच्या देवळापर्यंत त्यांच्या चालीने चाला. जाण्या-येण्यात त्या कुठे थांबल्या, कुठे सावलीत टेकल्या आणि वाटेत कुणी त्यांच्याशी दोन शब्द बोललं का, तेवढं मला कळवा. मग घराच्या भिंती बघायला मी येईन.